बहिरीबाईचा कान

वैशाख लागला की मला राग येतो. उन्हाचा नाही, उन्हात जन्म गेला. राग येतो तो एका वासाचा. या दिवसांत आमच्या कॉलनीत कुणीतरी लोखंडी फाटक रंगवायला काढतंच. आधी रॉकेलच्या बोळ्याने गंज घासतात. तापलेल्या लोखंडावर रॉकेल पडलं की जो उग्र वास सुटतो, तो नाकात शिरला की माझं तोंड सुटतं. मग समोर भाजीवाला असो, पोस्टमन असो की जावई असो. सून म्हणते, "आई, तुमचं बीपी." मी म्हणते, असू दे. पन्नास वर्षं सांभाळलेला राग आहे, गोळीने जायचा नाही.

यंदा त्यात भर पडली ती कानाच्या मशीनची. मुलाने हौसेने आणलं. "आई, आता तुला सगळं ऐकू येईल," म्हणाला. मी म्हटलं, मला सगळं ऐकायचंय असं तुला सांगितलं कुणी? पण आणलंच होतं, तर गेले दुकानात. तिथला पोरगा बॅटरीच्या उजेडात माझ्या कानात डोकावला आणि म्हणाला, "आजी, आधी कान साफ करू. आत बरंच साठलंय." त्याचा काही दोष नव्हता, तरी मी त्याच्यावर खेकसले. कारण असाच एक माणूस असाच वाकून एका कानात डोकावला होता आणि हेच वाक्य बोलला होता, आणि तो उन्हाळा बहात्तरच्या दुष्काळाचा होता.

तो कान तोफेचा होता.

तोफेला कान असतो, हे शहरातल्या लोकांना समजावून सांगावं लागतं. तोफेच्या मागच्या अंगाला, वरच्या बाजूने एक छिद्र असतं. त्यातून बत्ती द्यायची. त्या छिद्राला कान म्हणतात. फौज हरली, पळायची वेळ आली आणि तोफ ओढून नेणं जमेना, की जाता जाता त्या कानात लोखंडी खिळा ठोकून जायचे, म्हणजे मागून येणाऱ्या शत्रूला ती उडवता येऊ नये. तिसगावच्या पुढे, कोरड्या माळावर आमच्या गावाबाहेर जी तोफ पडली होती, तिच्या कानात असाच एक खिळा होता. कुणाची फौज, कुणापुढून पळाली, ते गावात कुणाला ठाऊक नव्हतं आणि कुणाचं अडलंही नव्हतं. लिंबाच्या झाडाखाली ती अर्धी मातीत रुतून पडलेली असायची. वर शेंदराचे थरावर थर. कानात खिळा, म्हणून नाव बहिरीबाई.

मी नगर शहरातली, मॅट्रिक झालेली. लग्न होऊन त्या गावात गेले तेव्हा पहिल्याच मंगळवारी सासूबाईंनी मला तिथे नेलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. गाव त्यांना सारजाआक्का म्हणायचं. झाडापाशी सात-आठ बायका उभ्या होत्या, पण तोफेजवळ एकच. ती तोफेच्या तोंडाशी उकिडवी बसून, पदर पुढे ओढून, आत बोलत होती. बोलून झालं की उठली, कानावरच्या खिळ्याला तेलशेंदराचं बोट लावलं आणि कुणाकडे न बघता चालू लागली. मग दुसरी.

"नवस बोलतात का?" मी विचारलं.

"नवसाला दुसरे देव हायेत," आत्याबाई म्हणाल्या. "ज्याला ऐकू येतं त्याच्याकडं मागायचं. हिला नुसतं सांगायचं."

"पण हिला तर ऐकूच येत नाही."

"म्हनून तर," त्या म्हणाल्या.

मला हसू आलं होतं. शहाणपणाचा माज होता मला. आता त्या 'म्हनून तर'चा अर्थ लावते, तेव्हा वाटतं की सबंध गावात बायकांसाठी शहाणपणाने केलेली तेवढी एकच सोय होती. न्हाणीला दार नव्हतं, माजघरात कान टवकारलेली माणसं, विहिरीवर बायकाच बायका आणि प्रत्येकीचा कुणीतरी नातेवाईक तिथे. आईला सांगावं तर आई दुसऱ्या गावी, आणि सांगितलं तर बापाच्या कानावर जायचं. एक बहिरी तेवढी खात्रीची. पोटातलं बोलून टाकावं आणि ते कुठेही जाऊ नये.

आत्याबाई सगळ्यांत जास्त वेळ बोलायच्या. बाकीच्या बायका ताटकळायच्या, खोकायच्या, तरी त्यांचं संपायचं नाही. मी लांबून बघायची आणि मनात म्हणायची, चाललंय माझंच गाऱ्हाणं. भाकरी जाड थापते, पाटीतून शेण सांडते, उलटून बोलते. एवढं काय साठलं असणार बाईच्या पोटात सुनेशिवाय? घरी आल्या की त्या जरा मऊ असायच्या. ते मला आणखीनच खटकायचं.

मग तो उन्हाळा आला. पाऊस आदल्या सालीच फिरकला नव्हता, त्याच्या आदल्या सालीही नावालाच. त्या उन्हाळ्याला रंगच नव्हता. लिंबाने पालवी धरली ती सुद्धा धुळीच्या रंगाची. गावातली विहीर खरवडून झाली. तळाशी उतरून वाटीने पाणी भरायचं आणि ते चिखलाचं. माणसं पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायची. आमचे हे उसाच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेले, अजून परतायचे होते. रेशनवर लाल मिलो मिळायचा, बाहेरदेशची ज्वारी. त्याची भाकरी तव्यावर तडकायची आणि घशात अडकायची, आणि अडकली तर ती खाली उतरवायला पाणी कुठलं? त्या दिवसांत आम्ही कोरडंच गिळायला शिकलो.

अशा दिवसांत एका सकाळी जीप आली. तिच्यातून एक मेजरसाहेब उतरले. पुण्याकडचे, गोरेगोमटे, बोलणं इतकं मऊ की गाव आपोआप गोळा झालं. कुठल्याशा लष्करी संग्रहालयासाठी ते जुन्या तोफा शोधत फिरत होते. संग्रहालय कुठलं ते मी लिहीत नाही. ते तोफेभोवती फिरले, शेंदराचा एक पोपडा नखाने काढला आणि लहान मुलासारखे ओरडले.

"नांगर! बघा, हिच्यावर नांगर आहे!"

तोफेच्या पाठीवर एक खूण ओतलेली होती, ती गावाला पिढ्यान्‌पिढ्या माहीत होती. खाली वाकलेला फाळ, वर उभा दांडा. सरपंच तात्या म्हणाले, "हाय की. नांगर हाय म्हनूनच तर आमची हाय ती. पेरणीच्या आदी आमी तिला नांगर दावायला आनतो."

मेजरसाहेब हसले. "अहो, तो नांगर नव्हे. जहाजाचा नांगर. समुद्रात जहाज उभं करायला टाकतात तो. ही तोफ जमिनीवरची नाहीच. ही नौदलाची तोफ आहे. जहाजावरची!"

आमच्यातल्या एकानेही समुद्र पाहिला नव्हता. मग आत्याबाईंनी विचारलं, "सायेब, समुद्रात नांगरट असती व्हय?"

सगळे हसले. मेजरसाहेबही मनापासून हसले. पण आत्याबाईंनी ते थट्टेने विचारलं नव्हतं, हे मला त्यांच्या तोंडाकडे बघून कळलं. एकाच शब्दावर दोघांनी हात ठेवला होता, आणि ज्याच्याकडे जीप होती त्याचा अर्थ खरा ठरला. त्या दिवसापासून ती आमची राहिली नाही. समुद्राची झाली. जिथे प्यायला घोटभर पाणी नव्हतं तिथे समुद्र मालकी सांगायला आला. आजही मला या गोष्टीचा संताप येतो.

गावाने लगेच दिली असं नाही. कुरकुर झाली. तेव्हा सरपंचांनी तोड काढली. तोफ जागेवरच साफ करायची होती, आणि कॉस्टिक सोडा घालून उकळलेल्या पाण्याने धुवायची होती, म्हणजे पाणी लागणार होतं. मेजरसाहेब पाण्याचा टँकर आणणार होते. सरपंच म्हणाले, टँकरमधलं उरलेलं पाणी गावाला द्या. मेजरसाहेब म्हणाले, "अवश्य. काम चालेल तोवर रोज."

काम चालेल तोवर. हे शब्द सगळ्यांनी ऐकले. बायकांनी जरा नीट ऐकले.

आणि टँकर आला. माणसांसाठी टँकर मागून गावाचे जोडे झिजले होते, कुणी दाद दिली नव्हती. लोखंडाला आंघोळ घालायची म्हटल्यावर टँकर आला! पत्र्याच्या पिंपात पाणी उकळायचं, त्यात सोडा, आणि ते बादल्या बादल्या तोफेवर ओतायचं. शेंदूर सुटून लाल पाणी खाली वाहायचं आणि भेगाळलेली जमीन ते आवाज करून प्यायची. आम्ही हंडे घेऊन लांब रांगेत उभ्या, उरलं तर मिळेल म्हणून. चिमण्या त्या सोड्याच्या पाण्यावर झडप घालायच्या. आत्याबाई रांग सोडून पदर हलवत त्यांना हाकलायला धावायच्या, "मरताल गं बायांनो, ते पिऊ नका." मिस्त्री हसायचा. हा मिस्त्री नगरहून आणलेला, चिडका, कामाचा वाघ. त्याला मिशीत हसताना पाहून माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

तीन वाशांचं तिकाटणं उभं करून, साखळी लावून तोफ मातीतून वर काढली. मग रॉकेल आणि तारेचे ब्रश. दिवसभर तो खर्रखर्र आवाज आणि तो वास. शेंदराचं कवच ढलप्यांनी निघायला लागलं. किती बायकांची किती बोटं होती त्यात! प्रत्येक थराखाली कुणीतरी बोलून गेलेली. मिस्त्री ते ढलपे पायाने बाजूला लोटायचा. पहिल्या संध्याकाळी अर्धी बाजू उघडी झाली, काळीनिळी, उपटलेल्या कोंबडीसारखी. मेजरसाहेबांची माणसं तिसगावला मुक्कामाला गेली आणि आत्याबाई घरी येऊन जेवल्याच नाहीत.

"बाईमानसाला असं उघडं ठिवत्यात का?" एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडताना त्या गेल्या आणि घासलेल्या अर्ध्या बाजूला घरातला होता नव्हता तो शेंदूर तेलात कालवून फासून आल्या. त्यात डाव नव्हता, हे मी शपथेवर सांगते. लाज झाकायची होती, बस. मिस्त्री आला, त्याने कपाळावर हात मारला. "काल घासलेली आज परत लाल? कोण हाय ते?" परत पाणी उकळलं, परत सोडा. आणि काम एका दिवसाने लांबलं.

एका दिवसाने लांबलं, म्हणजे एक टँकर जास्त आला. रांगेतल्या बायकांच्या डोक्यात हे एकदमच शिरलं असावं. कुणी कुणाला काही बोललं नाही. दुसऱ्या पहाटे आत्याबाई गेल्या तर तिथे आधीच तिघी होत्या. त्यानंतर पाळी लागल्यासारखं झालं. शेंदूर संपला तेव्हा काव आणली, भिंतीला लावायची ती लाल माती. तेल तर कुणाच्याच घरात नव्हतं. मग एकीने टँकरच्याच चाकाच्या तुंब्यातलं ग्रीस बोटांनी काढून ठेवायला सुरुवात केली. सरकारी ग्रीस आणि गावची काव. मिस्त्री दिवसा घासायचा, बाया उजाडताना फासायच्या. मीही गेले. ग्रीसने बरबटलेल्या हाताने तोफेच्या पाठीवरचा तो नांगर भरताना मला लग्नानंतर पहिल्यांदा वाटलं की मी या गावची आहे.

आता मेजरसाहेबांचं सांगते, म्हणजे माझ्या रागाचं मूळ कळेल. हे कळल्यावर ते रागावले नाहीत. उलट भारावले. मॅट्रिक झालेली म्हणून मला बोलावून म्हणाले, "ताई, मी यांच्या श्रद्धेचा आदर करतो. किती उत्कट आहे ही भक्ती! त्यांना हवा तेवढा वेळ घेऊ दे." त्यांनी बायकांचे फोटो काढले, तोफेला हात लावून उभ्या असलेल्या. मिस्त्री धुसफुसला तर त्याला गप्प केलं. कामाचे दिवस वाढू दिले. आम्ही खाली मान घालून भक्त झालो. पाणी मिळत होतं.

मग सरपंचांना चेव आला. आपलं गाव अडाणी दिसतंय, फोटो कुठेतरी छापून येणार, ही चिंता. एका दुपारी चहा पिता पिता ते म्हणाले, "सायेब, गैरसमज नको. आमच्या गावात अंधश्रद्धा न्हाई. देवीबिवीचं काय न्हाई ते. टँकर बंद हू नये म्हनून बाया फासत्यात." आणि आपणच मोठी हुशारी सांगितल्यासारखे हसले.

मेजरसाहेबांचा चेहरा उतरला. खरंच दुखावले बिचारे. कप खाली ठेवला. "म्हणजे इतके दिवस मला फसवत होता तुम्ही?" ते कुणावर ओरडले नाहीत. फक्त मिस्त्रीला म्हणाले, "उद्या संपवा." त्यांना आमची श्रद्धा चालत होती. आमची तहान चालत नव्हती. देवीसाठी थांबायला ते तयार होते. हंड्यासाठी थांबले असते तर त्यांचा काय मोठा खोळंबा होणार होता? श्रद्धेचा फोटो येतो, तहानेचा येत नाही, एवढाच फरक. हे मी तेव्हा त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते म्हणाले, "ताई, तुम्ही शिकलेल्या आहात, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." जीपमधून उतरून पाहुणचार घेतलेला माणूस मला अपेक्षा शिकवत होता.

त्या रात्री तिथे शिपाई बसवले. दुसऱ्या दिवशी तोफ पूर्ण साफ झाली. राहिला कान. मेजरसाहेब बॅटरी घेऊन वाकले. "आत बरंच साठलंय. पण खिळा काढायला हवा. त्याशिवाय ही पूर्ण होणार नाही." मिस्त्रीने हाताने फिरवायचं ड्रिल लावलं. लोखंडात लोखंड शिरतानाचा तो आवाज दातात जायचा. कीस गोल गोल होऊन बाहेर पडत होता. गावातल्या सगळ्या बाया येऊन उभ्या राहिल्या होत्या आणि एकही हलत नव्हती. बऱ्याच वेळाने काहीतरी खुट्ट झालं आणि मिस्त्रीने पक्कडीत धरून खिळा वर काढला. बोटाएवढा. मेजरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या.

आत्याबाई माझ्याजवळ होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी पिचली.

"कुसुमे, आता हिला ऐकू यायला लागलं."

मला पुन्हा हसू यायला हवं होतं. आलं नाही. त्यांनी पुढे होऊन मेजरसाहेबांना विचारलं, "सायेब, तिथं हिला कोन बघनार?"

"सगळे, आजी. लांबून लांबून लोक येतील. तिकीट काढून बघतील."

"मोट्टे लोक?"

"मोठे, लहान, सगळे. ही आता सगळ्यांशी बोलेल, आजी. इतिहास बोलतो."

ते बिचारे चांगलंच बोलायला गेले. पण आत्याबाईंच्या तोंडावरचं रक्त उतरलं. बहिरी म्हणून भरवशाने सगळं आत टाकलं होतं, आणि आता ती ऐकणार, वर बोलणारही, परक्या माणसांपुढे! त्या तरातरा घरी गेल्या. मी मागोमाग. मडक्यात तळाशी राहिलेलं पाणी, दोघींच्या संध्याकाळचं, त्यांनी मिलोच्या पिठात ओतलं. मी म्हटलं, "आत्याबाई, प्यायचं पाणी होतं ते." त्यांनी ऐकलं नाही. पीठ मळलं, त्यात हाताला चिकटलेली काव आणि उरलंसुरलं ग्रीस कालवलं आणि तो लाल गोळा पदराखाली घेऊन परत आल्या. सगळ्यांच्या देखत त्यांनी तो तोफेच्या कानात अंगठ्याने दाबून दाबून भरला. खोलवर. वरून तळहाताने थापला.

मिस्त्री पुढे झाला. मेजरसाहेबांनी त्याला अडवलं. "राहू दे. निरोपाचा नैवेद्य आहे." आणि फोटो काढला. मिस्त्रीने खांदे उडवले, वरून जवसाचं तेल फिरवलं, मग काळा रंग. कान दिसेनासा झाला. तोफ ट्रकवर चढली, मागोमाग टँकर गेला. दोन्हींची धूळ एकच होती.

पाऊस यायला अजून बराच अवकाश होता. त्यानंतर आम्ही डोंगरापलीकडच्या विहिरीवर जायला लागलो. पहाटे निघायचं, ऊन डोक्यावर येता येता परतायचं. डोक्यावर हंडा आणि पायाखाली तापलेला मुरूम. लिंबाखालची जागा वाटेत लागायची. तिथे नुसता लांबट खड्डा उरला होता. त्या खड्ड्याशी आल्या की बाया बोलायच्या थांबायच्या. मंगळवारी तर कुणी कुणाशी बोलायचंच नाही. सगळ्यांचं तोंड शिवल्यासारखं. पाण्याची तहान मला माहीत होती. ही दुसरी तहान तेव्हा पाहिली. आत्याबाई तर आतल्या आत वाळत गेल्या. जेवण तुटलं. मला वाटलं, ही बाई पावसाळा बघत नाही.

असाच एक मंगळवार होता. मी पुढे, त्या मागे. खड्डा मागे पडला आणि त्यांचा आवाज आला.

"कुसुमे, मागं बघू नको. चालत ऱ्हा."

"काय झालं, आत्याबाई?"

"तुला ऐकू येत न्हाई," त्या म्हणाल्या. "कळलं का? तुला काय बी ऐकू येत न्हाई."

मी उत्तर दिलं नाही. बहिरं माणूस उत्तर देत नाही. हंडा सावरला आणि चालत राहिले. आणि त्या बोलायला लागल्या.

काय बोलल्या ते मी इथे लिहिणार नाही. एवढंच सांगते की त्यात मी नव्हते. एका शब्दानेही नव्हते. भाकरी नव्हती, शेण नव्हतं, माझं उलट बोलणं नव्हतं. मी त्या घरात यायच्या कितीतरी आधीचं ते सगळं होतं, आणि ते ऐकताना मी एकदाही मागे पाहिलं नाही. घरी पोचेपर्यंत हंड्यातलं पाणी हिंदकळून माझा खांदा भिजला होता. डोळे कशाने भिजले ते कुणी विचारायला नको म्हणून बरं झालं. मग राग आला. इतका राग की हंडा आपटला. एका धडधाकट, शहाण्या बाईला हे सांगायला सबंध आयुष्यात एक लोखंडी नळी मिळाली होती, आणि तीसुद्धा यांना शोभेला हवी होती!

त्यानंतर त्या जाईपर्यंत दर मंगळवारी मी बहिरी झाले. त्या शेवटपर्यंत बोलल्या. मी कधी मान हलवली नाही, हुंकार दिला नाही. हळूहळू शेजारच्या दोघी-तिघीही माझ्यामागून चालायला लागल्या.

आणि आता हे मशीन. ते बसवल्याच्या आठवड्यातच मुलाने गाडी काढली. नातवाला सुट्टी, आईला नव्या कानांची मजा, म्हणून आम्हाला त्याच लष्करी संग्रहालयात नेलं. त्याला माहीत नव्हतं. मी इतकी वर्षं तिथे पाऊल टाकलं नव्हतं. हिरवळीवर, दगडी चौथऱ्यावर, ती होती. तुळतुळीत काळी. पाठीवरच्या नांगराला पिवळा रंग दिलेला. शेजारी पाटी: नौदलाची ऐतिहासिक तोफ. ग्रामस्थांनी स्वखुशीने भेट दिली. संपूर्ण मूळ स्वरूपात आणण्यात आली.

स्वखुशीने! मी ते मोठ्याने वाचलं. दोन-चार माणसं वळून बघायला लागली. हिरवळीवर नळीने पाणी मारणं चालू होतं, भर वैशाखात. मशीनमुळे त्या पाण्याचा थेंब न् थेंब मला ऐकू येत होता.

दोरी ओलांडून मी जवळ गेले. कानावर बोट फिरवलं. रंगाचे कितीतरी थर, पण खाली जरा फुगीर. नखाने हलकं खरवडलं तर काळ्याखाली लाल दिसलं. जागच्या जागी होतं. कुठे काही गेलं नव्हतं. माझ्या छातीवरचा दगड उतरला, तेवढ्यात तिथला माहिती सांगणारा तरुण धावत आला. रागावला नाही. गोड मुलगा. मऊ बोलणारा.

"आजी, हात नका लावू. पुढच्या महिन्यात तज्ज्ञ येणार आहेत हिच्यासाठी. हिच्या कानात काहीतरी घट्ट बसवलेलं सापडलंय. ते काढून तपासायला पाठवणार. त्यावरून बरंच काही कळेल."

"काय कळायचंय तुम्हाला?" मी ओरडले. नातू दचकला. "हात लावायचा नाही तिथे. पाटीवर लिहा काय लिहायचं ते. तो नांगर जहाजाचा म्हणा, तोफ तुमची म्हणा, खुशीने दिली म्हणा. तो कान तेवढा आमचा आहे. तिथे हात लावायचा नाही!"

मुलगा माझा दंड धरून म्हणत होता, आई, आई. तो तरुण मात्र थबकला. त्याच्या डोळ्यांत एकदम काहीतरी चमकलं, त्या मेजरच्या डोळ्यांत नांगर पाहून चमकलं होतं तसंच. तो माझ्याकडे वाकला, खिशातून मोबाईल काढला, काहीतरी चालू केलं आणि माझ्या तोंडापाशी धरला.

"आजी, तुम्हाला माहीत आहे का आत काय आहे? सांगा ना. तुमच्याच शब्दांत सांगा."

मी कानातलं मशीन काढलं, कमरेच्या पिशवीत टाकलं आणि नाडी ओढली.

"काय म्हणतोस बाळा?" मी म्हटलं. "मला ऐकू येत नाही."